सासूपासून चार हात लांब

माझ्याकडे उतरणाऱ्या पाहुण्याला मी पहिल्याच संध्याकाळी अंगणातल्या बाकावर बसवते आणि कामाच्या गोष्टी सांगून टाकते. पाणी उकळलेलंच प्या. हिवतापाची गोळी ताप भरल्यावर नाही, आधीपासून घ्यायची असते. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, ती शोभेला टांगलेली नाही. बोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर बसायच्या आधी भाडं ठरवा, उतरल्यावर भांडू नका. सरोवरात लव्हाळ्यांपाशी उतरू नका, तिथल्या गोगलगायींमुळे रोग होतो. आणि कुणालाही काही विचारण्याआधी 'रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत' एवढं तरी विचारा. नुसतं 'बँक कुठे आहे' म्हणून अंगावर धावून गेलात, तर माणसं तुम्हाला भलत्याच दिशेला धाडतील आणि बरंच करतील.

पाहुणे माना डोलावतात. कुणी हसून माझा फोटो काढतो, तोही न विचारता. मग दुसऱ्या दिवशी एक जण लव्हाळ्यांतून पोहून येतो आणि साबण मागतो. दुसरी नळाचं पाणी पिते आणि तीन दिवस माझा संडास अडवून बसते. तिसरा विचारतो, "मॅडम, इथे सिंह कधी दिसतील?" अहो, मसाका रस्त्याला केळीच्या बागा आहेत. सिंह काय केळी खायला येणार? इतकी वर्षं हे पाहुणघर चालवतेय आणि इतकी वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओततेय.

माझं सगळं ऐकणारा असा एकच माणूस आला. त्याचं नाव मुकीबी. आणि त्यानेच माझ्या नाकी नऊ आणले.

मुकीबी आमच्यातलाच, गांडा जमातीतला. पण चार वर्षांचा असताना आईबापांनी त्याला टोरांटोला नेलं, तो आता परत आला होता. माझी भाची नत्ताबी तिकडे शिकायला गेली होती, तिथे दोघांचं जमलं. आता रीतसर मागणी घालायला आला होता. आमच्यात मुलाने आधी मुलीच्या आत्याकडे भेटीला यायचं असतं. आत्याने होकार दिला, की मग मुलीच्या बापाच्या दारी मोठा सोहळा. आत्या म्हणजे मी. लग्नाचं सगळं बरंवाईट माझ्या माथी. मुलगी नीट वागली नाही तर आत्याने शिकवलं नाही म्हणतात, आणि नीट वागली तर आईवर गेली म्हणतात.

तर मुकीबी भेटीच्या आठवडाभर आधी माझ्याकडेच मुक्कामाला आला. मी त्याला बाकावर बसवलं. त्याने पाणी उकळलेलंच प्यायलं. गोळी वेळेवर घेतली. मच्छरदाणी अशी खोचली, की सकाळी त्याची त्यालाच बाहेर पडता येईना. बोडावाल्याच्या घरच्यांची तो इतकी चौकशी करी, की शेवटी तो बोडावालाच मला म्हणाला, "बाई, तुमच्या पाहुण्याला सांगा, मला दुसरीही गिऱ्हाइकं आहेत."

मी म्हटलं, वा! असा जावई दिवा लावून शोधला तरी मिळायचा नाही. मग मी त्याला खरी महत्त्वाची गोष्ट सांगायला घेतली. सासूची.

"हे बघ," मी म्हटलं, "जावयाने सासूपासून चार हात लांब राहायचं. तिला शिवायचं नाही. तिच्या ताटातलं खायचं नाही. ती वाटेत समोरून आली तर आपण वाट सोडून झुडपात शिरायचं."

"झुडपात?"

"झुडपात. काटे असले तरी. आणि तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, तिच्याबद्दल बोलायचंही नाही. जावयाचा स्पर्श झाला, की सासूचे हात थरथरायला लागतात. कायमचे. मग सगळं गाव म्हणतं, हिने जावयाशी मर्यादा सोडली. कळलं?"

"कळलं, आत्या." त्याने हात पाठीमागे बांधून दाखवले. "असे ठेवतो."

खरंखोटं देव जाणे. माझी आजी सांगायची, तिची आजी सांगायची. पण गाव मानतं, आणि माझा भाऊ, नत्ताबीचा बाप सेम्वांगा तर गावाच्या दुप्पट मानतो. त्याला आधीच हा मुलगा पसंत नव्हता. "मुझुंगू होऊन आलाय," म्हणायचा. "जीभ आपली, पण चाल गोऱ्यांची." एवढंसं निमित्त मिळालं असतं तरी त्याने हे लग्न मोडलं असतं, आणि नत्ताबी आयुष्यभर माझ्याकडे बघून उसासे टाकत बसली असती. म्हणून मी मुकीबीकडून सासूचा धडा रोज म्हणवून घ्यायचे.

सासू म्हणजे माझी वहिनी, नल्वेयिसो. शेजारच्याच वाडीत राहते. मुकीबी आला त्याच दिवसापासून ती रोज माझ्या मागच्या अंगणात येऊन बसू लागली. शेंगदाणे सोल, केळीची पानं शेकून ठेव. मी म्हटलं, "वहिनी, जावई इथे राहतोय, तुम्ही कशाला येता?" तर म्हणाली, "वन्सं, तुमच्या हातची कोंबडी मी खाल्लेली आहे. माझ्या मुलीचं लग्न त्या कोंबडीवर सोडायची माझी तयारी नाही."

अशी ही बाई. त्यात अलीकडे तिने एक नवाच तोरा काढला होता. बोलताना उजवा हात गोमेसीच्या, म्हणजे आमच्या पायघोळ झग्याच्या कमरपट्ट्यात खोचून ठेवायचा, राजवाड्यातल्या बाईसारखा. मी मनात म्हटलं, जावई परदेशातला मिळाला तर बाईसाहेबांची ऐट बघा.

सासूचा धडा दिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुकीबी माझ्याकडे आला. मी चादरी वाळत घालत होते. म्हणाला, "आत्या, नत्ताबीच्या आईबद्दल मला एक..."

"काय शिकवलं मी तुला?"

"तिच्याबद्दल बोलायचं नाही. पण हे जरा..."

"पण नाही नि बीण नाही. सासूबद्दल जावयाने तोंड उघडायचं नाही. चादरीचं ते टोक धर."

त्याने टोक धरलं. पुन्हा बोलला नाही. मला वाटलं, शहाणा आहे पोरगा.

भेटीच्या दिवशी मुकीबी पांढरा पायघोळ कांझू आणि वर कोट घालून माझ्याच घरातून बाहेर पडला, फाटकाबाहेर उभा राहिला आणि दोन मित्रांबरोबर पाहुणा म्हणून माझ्याच घरी आला. मी त्यांना ओळखतच नाही असा चेहरा करून विचारलं, "कोण आपण? कुठून आलात?" रीत म्हणजे रीत. आमच्या बाजूने सेम्वांगा होता, आणि भावकीतले थोरले ब्वानिका काका होते. काकांचं काम खुर्चीत बसून खोड्या काढायचं. ते त्यांनी चोख बजावलं. कांझू आखूड आहे म्हणाले. मित्र उंच आहेत म्हणाले. आणलेली साखर ओलसर आहे म्हणाले आणि दोन पुडे स्वतःच्या खुर्चीखाली सरकवले.

पण एकंदर बरं चाललं होतं. नत्ताबी गुडघ्यांवर बसून सगळ्यांना रीतीने नमस्कार करून गेली. सेम्वांगा एकदा हसलासुद्धा. जेवणाची वेळ झाली, तशी मी मुकीबीच्या मित्रांना गार सोडा आणायला नाक्यावर पिटाळलं आणि मुकीबीला म्हटलं, "हात धुऊन घे." हेच माझं चुकलं. नळ मागच्या अंगणात आहे.

मी त्याच्या मागोमाग पानं आणायला गेले, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून वाफाळत्या मटोक्याची, म्हणजे उकडलेल्या केळ्यांची टोपली घेऊन बाहेर आली. समोर मुकीबी. त्याने लगेच तोंड फिरवलं, वाट सोडली, थेट माझ्या मिरचीच्या रोपांत जाऊन उभा राहिला आणि हात पाठीमागे बांधले. मी म्हटलं, शाब्बास.

वहिनी मात्र पुढे येईना. पायरीवर उभीच राहिली, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. वरचं अंग पुढे झुकलं, पाय मागेच. मुकीबी तिच्यापासून हातभर अंतरावर होता. त्याने मान वळवली, तिच्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे! जणू मी परवानगी द्यायची होती! तेवढ्यात वहिनी टोपलीसकट पायरीवरून खाली कोसळली. मटोके चिखलात, वहिनी मटोक्यांवर, आणि मुकीबी हात बांधून मिरच्यांत.

"अरे ए!" मी ओरडले. "बघतोस काय? उचल तिला!"

"उचलू?"

"खबरदार!" वहिनी जमिनीवरून किंचाळली. पाय वाकडा झाला होता, डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. "खबरदार हात लावशील तर! वन्सं, तुम्हाला वेड लागलंय का?"

सगळे धावत आले. सेम्वांगाची कंबर धरलेली, त्याला वाकता येईना. ब्वानिका काकांना तर स्वतःलाच खुर्चीतून उठवायला माणूस लागतो. मुकीबीचे मित्र नाक्यावर. उरला एकच धट्टाकट्टा पुरुष, आणि नेमका तोच चालत नव्हता. मी आणि नत्ताबीने वहिनीला कसंबसं खुर्चीत बसवलं, पण खुर्ची काही आम्हाला हलेना. मग मुकीबीने खुर्ची मागून धरायची असं ठरलं. लगेच काकांनी प्रश्न काढला, खुर्ची धरली म्हणजे स्पर्श झाला का? सेम्वांगा म्हणाला, लाकडातून लागत नाही. काका म्हणाले, लाकडातून लागत नसेल, पण या खुर्चीची पाठ वेताची आहे.

"पाय मोडलाय तिचा!" मी म्हटलं. "तुम्ही वेताचं काय घेऊन बसलात?"

शेवटी मधे माझी नवी गादी उभी धरली, तिच्यापलीकडून मुकीबीने खुर्ची उचलली आणि वरात त्याच्या भाड्याच्या गाडीपर्यंत गेली. वाटेत नत्ताबी त्याच्यावर नुसती आग ओकत होती. "हात काय गहाण ठेवले होतेस? माझी आई डोळ्यांसमोर पडते आणि तू मिरच्या मोजतोस?"

"आत्यांनी सांगितलं होतं..."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतके लोक येऊन गेले, माझा एक शब्द कुणी मनावर घेतला नाही. या एकाने घेतला आणि माझं हे झालं.

मसाकाच्या दवाखान्यात घोट्याला प्लास्टर घातलं. संध्याकाळी आम्ही सगळे तिच्या खाटेभोवती होतो. मुकीबी अर्थातच खोलीत नव्हता. तो बाहेर ओसरीत, उघड्या खिडकीपाशी आमच्याकडे पाठ करून उभा होता. नत्ताबी त्याच्याशी बोलत नव्हती.

नर्सने सुई देण्यासाठी वहिनीचा उजवा हात पांघरुणातून बाहेर काढला. तो थरथरत होता. अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासत होती, शेंगदाणा सोलावा तशी. वहिनीने हात आत ओढून घेतला, पण काकांनी तो पाहिला होता.

"थरथर!" काका म्हणाले. "लागलं! मी सांगत होतो ना, वेत!"

"काका, गादी होती मधे," मी म्हटलं.

"गादीला कडा नसतात का? कडेवरून बोट लागलं असेल. सेम्वांगा, तुझ्या बायकोला जावयाचा स्पर्श झालाय. अजून सोहळा व्हायचाय आणि ही गत. पुढे काय होईल?"

सेम्वांगाचा चेहरा दगडासारखा झाला. "पुढे काही व्हायचं नाही," तो म्हणाला. "हे लग्न होणार नाही. उद्या त्याचं सामान त्याला देऊन टाक." नत्ताबी मटकन खाली बसली. वहिनीने डोळे मिटून घेतले.

मी तरातरा ओसरीत गेले. "ऐकलंस ना सगळं? मग काही बोलशील की नाही?"

"तुम्ही म्हणाला होतात, सासूबद्दल जावयाने तोंड..."

"उघड!" मी इतक्या जोरात ओरडले, की पलीकडचं कुणाचं तरी बाळ रडायला लागलं. "आता उघड तुझं तोंड, बाबा!"

त्याने एकदा खिडकीकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "हात आजचा नाही, आत्या. मी आलो त्याच दिवशी बघितला. त्या अंगणात शेंगदाणे सोलत होत्या. शेंगदाणे संपले तरी बोटं चालूच होती. म्हणून त्या हात पट्ट्यात खोचतात. आणि दारात, पायरीवर त्यांचे पाय अडकतात. माझं कामच ते आहे. तिकडे अशाच माणसांना मी पुन्हा चालायला शिकवतो. कंपवात आहे हा. पूर्ण बरा होत नाही, पण औषधाने आवरतो. त्या कधी ना कधी पडणार, हे मला दिसत होतं."

"मग मेल्या, सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आलो होतो. तुम्ही चादर धरायला लावलीत."

राग आला, भयंकर आला, आणि काढायला दुसरं कुणी सापडेना.

मी आत येऊन वहिनीच्या उशाशी बसले. सगळ्यांसमोर विचारता येईना, म्हणून कानाशी वाकले. "वहिनी, कधीपासून?"

तिने डोळे उघडले नाहीत. "गप्प बसा, वन्सं."

"अहो, पोरीचं लग्न मोडतंय."

"आणि मी बोलले तर थोरल्या लेकीचं घर मोडेल," ती पुटपुटली. "लोक विचारतील, आधीपासून आहे, तर मग कुठल्या जावयाचा? एकच तर जावई आहे मला आत्ता."

तेव्हा मला उलगडलं. थोरलीचा नवरा किबिरिगे, म्बराराला मास्तर आहे, मान खाली घालून चालणारा माणूस. वहिनीचा हात थरथरतो असं कळलं असतं, तर गावाने बोट त्याच्याकडे दाखवलं असतं. म्हणून ही बाई हात कमरेत खोचून जगत होती. डॉक्टरकडे गेली नाही, नवऱ्याला बोलली नाही. आणि मी तिला ऐटबाज म्हणत होते. मला तिची दया आली, आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं.

"त्याला एक शब्द बोलू देऊ नका," वहिनी म्हणाली. "तो बोलला तर म्हणतील, स्वतःला सोडवतोय. तुम्ही बोललात तर म्हणतील, भेटीची साखर खाल्ली." तिने डोळे उघडले. खाली नत्ताबी भिंतीला टेकून बसली होती. वहिनीने तिच्याकडे पाहिलं.

मग तिने पांघरूण बाजूला केलं आणि उजवा हात काढून सगळ्यांसमोर पोटावर ठेवला. हात थरथरत होता. तिने तो दाबून धरला नाही.

"काका," ती म्हणाली, "नीट बघून घ्या. हा गेल्या वर्षीच्या टोळ पकडायच्या हंगामापासून असाच आहे. तेव्हा हा पोरगा टोरांटोत होता. आणि किबिरिगे माझ्या समोरून आला तरी ओढ्यात उतरतो, हे तुम्हीही पाहिलंय. मला कुणी शिवलेलं नाही. मी आजारी आहे, बास. मी लपवलं, कारण मला तुमच्या सगळ्यांच्या तोंडाची भीती वाटत होती."

सेम्वांगा तिच्या हाताकडे बघत राहिला. "मला सांगायचं नाहीस?" तो म्हणाला. भावाचा असा आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता.

"तुम्हाला?" वहिनी म्हणाली. "तुम्ही आधी काकांना विचारलं असतं."

सेम्वांगा खाटेच्या कडेला बसला. इतक्या वर्षांत चारचौघांत त्याने बायकोच्या पदराला हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्याने तो थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात थांबला नाही, त्याचेही हलू लागले.

काका खोकले. खिशातला रुमाल काढला, पुन्हा ठेवला. "सोहळा मात्र प्लास्टर निघाल्यावरच घ्यावा लागेल," ते म्हणाले. "मुलीच्या आईला बसायला नीट जागा पाहिजे. आणि साखर कोरडी आणायची."

नत्ताबी उठून खिडकीशी गेली. तिने गजांतून हात बाहेर घातला. मुकीबीने तो धरला, पण पाठ काही वळवली नाही. सासू आत होती ना.

वहिनीने ते पाहिलं. मग छताकडे तोंड केलं, रीतीप्रमाणे, आणि मला म्हणाली, "वन्सं, त्या बाहेरच्या माणसाला माझा एक निरोप सांगा."

खिडकी उघडी होती. त्याला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तरी मी म्हटलं, "सांगते."

"म्हणावं, पुढच्या वेळी मी पडायला लागले, तर आधी मला धर. मग आत्याला विचार."